ब्रँच नेमकी कुठून फुटली? रिबेस करताना जुनेच कॉन्फ्लिक्ट पुन्हा येण्यावरचा उपाय

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन. त्यातली बदलांची एकेक नोंद म्हणजे कमिट, कामाची वेगळी वाट म्हणजे ब्रँच, सर्वांची मुख्य ब्रँच म्हणजे मेन, आणि आपले कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर पुन्हा रचणे म्हणजे रिबेस. आपण केलेले काम पाच कमिटचे असते आणि मेनवर रिबेस सुरू करताच टर्मिनलवर ‘रिबेसिंग १/११’ अशी ओळ उमटते. पहिल्याच कमिटला कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीच्या दोन रूपांची टक्कर) येतो, आणि तोही अशा ओळीवर की जिला आपण कधी हात लावलेला नसतो. तो सोडवावा तर दुसरा उभा राहतो, दुसरा सोडवावा तर तिसरा. शेवटी कंटाळून रिबेस अर्धवट सोडला जातो आणि दुसऱ्या दिवशी तीच कसरत नव्याने सुरू होते. जळगावातील आमच्या पाच जणांच्या टीममध्ये ही तक्रार इतक्या वेळा आली की तिचे मूळ एकदा नीट शोधून लिहून ठेवणे भाग पडले. मूळ एकच निघाले. ब्रँच जिथून फुटली असे आपण मनात धरून चाललेलो असतो ती जागा आणि गिटने हिशोबात धरलेली जागा या दोन वेगळ्या असतात.

पुढे ज्या कमांड दिल्या आहेत त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टंकाव्यात.

आमचे सॉफ्टवेअर केळीच्या खरेदीचा हिशोब ठेवणारे आहे. रावेर, यावल, सावदा या पट्ट्यात नवती, पिलबाग, कांदेबाग आणि वापसी असे केळीचे वेगवेगळे भाव निघतात, आणि शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी पडते तिच्यात वजन, भाव, हमाली आणि इतर वजावटी यांचा मेळ रुपयापर्यंत बसावा लागतो. कांदेबागेच्या भावासाठी एका सहकाऱ्याने मेनवरून ‘कांदेबाग-दर’ ही ब्रँच काढली होती. तिच्यावर सहा कमिट झाले असताना धुळ्याच्या दुसऱ्या सहकाऱ्याने त्याच ब्रँचवरून ‘पिलबाग-पट्टी’ ही आपली ब्रँच काढली, कारण भावाचा नवा तक्ता त्यांना लागणार होता आणि तो अजून मेनमध्ये आलेला नव्हता. पुढे पहिल्या ब्रँचवर आणखी तीन कमिट झाले, ते नऊच्या नऊ कमिट स्क्वॉश करून एकाच कमिटच्या रूपात मेनमध्ये घेतले गेले आणि ब्रँच पुसून टाकली गेली. इथपर्यंत कोणाचेही काही चुकलेले नव्हते.

समजण्यासाठी नावे देऊ. मेनवरचा ज्या कमिटपासून पहिली ब्रँच निघाली तो म२, त्या ब्रँचवरचे कमिट क१ ते क९, आणि क६ पासून निघालेल्या दुसऱ्या ब्रँचवरचे कमिट प१ ते प५. मेनवर स्क्वॉश होऊन आलेला कमिट स. आता ‘पिलबाग-पट्टी’ मेनवर रिबेस करायची म्हटल्यावर गिट एवढेच पाहते की या ब्रँचवरून पोहोचता येते आणि मेनवरून पोहोचता येत नाही असे कमिट कोणते. क१ ते क६ यांतला मजकूर स मध्ये आलेला असला तरी ते कमिट स्वतः मेनच्या इतिहासात कुठेच नाहीत, कारण स चा पालक, म्हणजे ज्याच्यावर तो रचला गेला तो कमिट, मेनवरचाच आहे आणि त्याचा क९ शी कसलाही धागा जोडलेला नाही. म्हणून सहा आणि पाच मिळून अकरा कमिट मेनवर पुन्हा रचायला घेतले जातात. क१ मध्ये हमाली सरळ गुणाकाराने काढली होती, क४ मध्ये ती पूर्ण रुपयात आणली गेली आणि स मध्ये अर्थातच शेवटचे रूप आहे. त्यामुळे क१ पुन्हा बसवताना वरच्या बाजूला मेनमधली पूर्ण रुपयाची ओळ आणि खालच्या बाजूला जुनी गुणाकाराची ओळ अशी जोडी समोर येते. घाईत खालची ओळ ठेवली गेली तर पट्टीत रुपयांपुढचे पैसेही दिसू लागतात आणि आधीच दुरुस्त झालेली चूक परत येते. आमच्याकडे एकदा तसे घडले, आणि सकाळी सात वाजता व्यापाऱ्याचा फोन आल्यावर ते कळले.

तेव्हा शोधायचे आहे ते क६. पण अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा ज्या कमांडकडे जातो ती ही:

गिट मर्ज-बेस मेन पिलबाग-पट्टी

ती उत्तर देते म२. हे उत्तर चुकीचे नाही, कारण दोन टोकांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज खरोखरच म२ आहे. फक्त तो आपल्या प्रश्नाचे उत्तर नाही.

गिटला हे ठाऊक का नसते

सबव्हर्जन हे गिटसारखेच दुसरे साधन वापरून आलेल्या मंडळींना याचे फार आश्चर्य वाटते. तिथे ब्रँच म्हणजे एका फोल्डरची प्रत असते, आणि ती कोणत्या मार्गावरून व कितव्या रिव्हिजनवरून काढली याची नोंद त्या प्रतीबरोबरच राहते. लॉगला ‘स्टॉप-ऑन-कॉपी’ हा पर्याय दिला की यादी बरोबर जन्माच्या जागी येऊन थांबते. मर्क्युरियल या तशाच आणखी एका साधनात नाव दिलेल्या ब्रँचचे नाव तर प्रत्येक बदलाच्या नोंदीत कायमचे कोरलेले असते. लिनस टॉरव्हल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नेलच्या कामासाठी गिट लिहिले तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. गिटमध्ये ब्रँच म्हणजे एका कमिटकडे बोट दाखवणारे नाव, यापलीकडे काही नाही.

हे डोळ्यांनी पाहून खात्री करून घेण्यासारखे आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये दडलेल्या ‘.गिट’ फोल्डरात ‘रेफ्स’ आणि त्यात ‘हेड्स’ उघडावे. तिथे ब्रँचच्या नावाची एक छोटी फाइल सापडते आणि नेहमीच्या शा-१ पद्धतीच्या रिपॉझिटरीत (इतिहासाच्या साठ्यात) तिचा आकार बरोबर ४१ बाइट असतो. ४० अक्षरे कमिटच्या हॅशची, म्हणजे त्याच्या ओळखखुणेची, आणि एक ओळ संपल्याची खूण. काही वेळा या फाइली एकत्र बांधून ‘पॅक्ड-रेफ्स’ या एकाच फाइलीत ठेवलेल्या असतात, पण मजकूर तोच. नवा कमिट झाला की ही ४० अक्षरे बदलतात आणि आधीची पुसली जातात. उलट बाजूने कमिटमध्ये डोकावावे तर तिथे फाइलींच्या झाडाचा हॅश, पालकाचा हॅश, लेखक, कमिट करणारा, वेळ आणि संदेश एवढेच असते. तो कोणत्या ब्रँचवर असताना केला गेला हे कुठेही लिहिलेले नसते. क१ ते क६ हे ‘कांदेबाग-दर’चे आहेत असे आपण म्हणतो ते आपल्या आठवणीवरून. गिटच्या दृष्टीने प५ पासून म२ पर्यंत अकरा मण्यांची एकच सलग माळ आहे आणि तिच्यात मध्ये गाठ नाही.

पांझरा नदीच्या काठच्या फडांत पाटाला फुटलेल्या चारीचे तोंड बांधावर उभे राहून बोटाने दाखवता येते. गिटच्या ब्रँचला असे तोंड बांधलेलेच नसते. त्यामुळे ती कुठून फुटली हे विचारणे म्हणजे पुराव्यांवरून अंदाज बांधणे होय, आणि कोणता पुरावा शिल्लक आहे यावर पुढची सगळी वाट ठरते.

पहिला पुरावा : रिफ्लॉग

सर्वांत विश्वासाचा पुरावा रिफ्लॉगचा. प्रत्येक मशिनवर गिट आपापली एक रोजनिशी ठेवते आणि कोणते नाव केव्हा कोणत्या कमिटवर गेले हे तिच्यात उतरवते. ब्रँचच्या रोजनिशीतली सर्वांत जुनी ओळ तिच्या जन्माची असते.

गिट रिफ्लॉग शो पिलबाग-पट्टी

यादीच्या तळाशी ‘ब्रँच: क्रिएटेड फ्रॉम’ अशी ओळ दिसते आणि तिच्या डावीकडचा हॅश म्हणजेच ब्रँच फुटली ती जागा. मी ही कमांड जळगावच्या माझ्या मशिनवर चालवली तेव्हा तळाच्या ओळीत ‘ओरिजिन/पिलबाग-पट्टी’वरून तयार केली असे दिसले आणि डावीकडे चक्क प३ चा हॅश होता. ज्याला रिफ्लॉगची जात माहीत नाही तो इथे फसतो. माझ्या मशिनवर त्या ब्रँचचा जन्म मी सर्व्हरवरून ती पहिल्यांदा उतरवून घेतली त्या दिवशी झाला होता, आणि रोजनिशीने तेच प्रामाणिकपणे लिहिले होते. रिफ्लॉग पुश होत नाही, म्हणजे सर्व्हरवर चढत नाही, आणि क्लोन करताना, म्हणजे प्रोजेक्टची नवी प्रत उतरवताना, येतही नाही. तो पाहायचा असेल तर ज्याने ब्रँच काढली त्याच्याच मशिनवर.

म्हणून धुळ्याला फोन लावला. ‘भाऊ, तुमच्याकडे हीच कमांड चालवून अगदी तळाची ओळ वाचून दाखवा,’ असे सांगितल्यावर पलीकडून उत्तर आले, ‘ताई, इथे नुसते क्रिएटेड फ्रॉम हेड म्हणते आहे, कोणत्या ब्रँचवरून ते काही दिसत नाही.’ हेही नेहमीचेच आहे. ब्रँच काढताना सुरुवातीची जागा नावाने दिली नाही, म्हणजे आपण जिथे उभे आहोत तिथूनच नवी ब्रँच काढली, की गिट नोंदीत ‘हेड’ (आपण सध्या उभे आहोत ती जागा) एवढेच लिहिते. अशा वेळी डावीकडचा हॅश तर हाती आलेलाच असतो. कोणत्या ब्रँचवरून हे पडताळायचे असेल तर हेडची स्वतःची रोजनिशी पाहावी.

गिट रिफ्लॉग शो हेड

त्या यादीत ‘चेकआउट: मूव्हिंग फ्रॉम कांदेबाग-दर टू पिलबाग-पट्टी’ अशी ओळ सापडली आणि तिचा हॅश आधीच्या ओळीशी जुळला. त्यांनी फोनवर हॅशची सात अक्षरे वाचून दाखवली, मी ती माझ्याकडच्या लॉगमध्ये शोधली, आणि तो क६ निघाला.

या पुराव्याच्या मर्यादा लक्षात ठेवल्या नाहीत तर ऐन वेळी हात रिकामे राहतात. मूळ ठेवणीनुसार (डीफॉल्ट सेटिंगप्रमाणे) रिफ्लॉगमधल्या नोंदी ९० दिवसांनी साफसफाईच्या वेळी गळतात, आणि ज्या कमिटपर्यंत त्या ब्रँचच्या टोकापासून आता पोहोचता येत नाही त्यांच्या नोंदी ३० दिवसांतच जातात. ब्रँच पुसली की तिचा रिफ्लॉगही पुसला जातो. लॅपटॉप बदलला आणि प्रोजेक्ट नव्याने क्लोन केला तर सगळेच गेले. ‘जीसी.रिफ्लॉगएक्सपायर’ ही ठेवण ‘नेव्हर’ अशी केली तर टोकापासून पोहोचता येणाऱ्या कमिटच्या नोंदी टिकतात. आम्ही ती आता सर्वांच्या मशिनवर तशी करून ठेवली आहे आणि त्यासाठी लागणारी जागा नगण्य आहे.

दुसरा पुरावा : पुसलेल्या ब्रँचचे टोक

रिफ्लॉग हाती नसेल तेव्हा ज्या ब्रँचवरून आपली ब्रँच निघाली तिचे टोक परत मिळवण्याचा प्रयत्न करावा. हा मार्ग मला स्वतःला रिफ्लॉगइतकाच आवडतो, कारण यात कोणाच्या मशिनवर अवलंबून राहावे लागत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेवर पुल रिक्वेस्ट (ब्रँच मेनमध्ये घेण्याची विनंती) मर्ज होऊन ब्रँच पुसली गेली तरी त्या पुल रिक्वेस्टचे टोक एका वेगळ्या नावाखाली सर्व्हरवर राहते. पुल रिक्वेस्टचा क्रमांक ४२ असेल तर असे करावे:

गिट फेच ओरिजिन पुल/४२/हेड:जुनी-कांदेबाग

आता क९ पुन्हा हाताशी आला आणि ‘जुनी-कांदेबाग’ हे त्याचे नाव झाले. यानंतर मर्ज-बेस विचारावा, पण मेनशी नव्हे, या जुन्या टोकाशी:

गिट मर्ज-बेस जुनी-कांदेबाग पिलबाग-पट्टी

उत्तर येते क६. कमांड तीच, फक्त तुलना ज्याच्याशी करायला हवी त्याच्याशी झाली. बहुतेक वेळा मर्ज-बेसला दोष दिला जातो तेव्हा खरी चूक ही असते की ब्रँच ब्रँचवरून निघालेली असते आणि प्रश्न मात्र मेनचे नाव घेऊन विचारलेला असतो.

दोन्ही पुरावे नसतील तर डोळ्यांनी वाचणे उरते, आणि अकरा कमिटसाठी तेवढे पुरते. ‘गिट लॉग --रिव्हर्स मेन..पिलबाग-पट्टी’ असे विचारले की अकराही कमिट जुन्यापासून नव्याकडे ओळीने दिसतात. लेखकाचे नाव आणि संदेश वाचत गेले की आपले काम कुठे सुरू झाले ते कळते. आमच्या प्रकरणात पहिले सहा एका व्यक्तीचे आणि पुढचे पाच दुसऱ्याचे होते, म्हणून सीमारेषा स्पष्ट होती.

रिबेस करण्याआधी आणि नंतर

क६ सापडल्यावर उपाय एका ओळीचा आहे, परंतु त्याआधी जुन्या टोकाला एक नाव देऊन ठेवावे, म्हणजे काही बिघडले तर परतता येते.

गिट ब्रँच पिलबाग-राखीव पिलबाग-पट्टी
गिट रिबेस --ऑन्टो मेन क६ पिलबाग-पट्टी

क६ च्या जागी अर्थातच त्याचा हॅश द्यायचा. याचा अर्थ असा की क६ च्या पुढचे जे कमिट या ब्रँचवर आहेत तेवढेच उचलून मेनच्या टोकावर रचावेत. या वेळी टर्मिनलवर ‘रिबेसिंग १/५’ दिसले पाहिजे. तिरप्या रेषेपुढचा तो आकडा ही सर्वांत सोपी तपासणी आहे. आपल्या कमिटांची संख्या आपल्याला ठाऊक असते. आकडा तिच्याशी जुळला नाही तर पुढे जाऊच नये, ‘--अबॉर्ट’ करून सुरुवातीची जागा पुन्हा तपासावी. कॉन्फ्लिक्ट सोडवायला बसण्याआधी हा आकडा पाहण्याची सवय लागली तर या लेखातले निम्मे प्रसंग उद्भवणारच नाहीत.

रिबेस झाल्यावर जुने आणि नवे पाच कमिट समोरासमोर ठेवून पाहण्यासाठी ‘रेंज-डिफ’ ही कमांड फार उपयोगी आहे.

गिट रेंज-डिफ क६..पिलबाग-राखीव मेन..पिलबाग-पट्टी

जिथे दोन रूपांत फरक नाही तिथे बरोबरचे चिन्ह येते आणि जिथे कॉन्फ्लिक्ट सोडवताना काही बदलले तिथे उद्गारचिन्ह येते. तेवढ्याच जागा वाचाव्यात. नंतर पुश करताना साधा ‘--फोर्स’ न वापरता ‘--फोर्स-विथ-लीज’ वापरावा, म्हणजे मधल्या काळात दुसऱ्या कोणी त्या ब्रँचवर काही चढवले असेल तर ते आपल्या हातून पुसले जाणार नाही.

जुन्या ब्रँचचा प्रश्न वेगळा आहे

वरचा उपाय सर्वत्र लावू नये. आमची ‘मोबाइल-पावती’ ही दुसरी एक ब्रँच चार महिने चालली. ती मेनवरच्या म३ पासून निघाली होती, पण ती मागे पडू नये म्हणून आधी म८ आणि नंतर म१४ इथपर्यंतचे मेन तिच्यात मर्ज केले गेले. हिला मर्ज-बेस विचारला तर म१४ येतो, म्हणजे शेवटची भेट झाली ती जागा. म३ चा कुठे उल्लेख नाही.

इथे थांबून आपल्याला नेमके काय हवे आहे ते ठरवावे लागते. या ब्रँचवर एकूण काय नवीन आहे ते पाहायचे असेल, किंवा ती रिबेस करायची असेल, तर म१४ हेच योग्य उत्तर आहे. ‘जन्मस्थान’ सापडले या आनंदात रिबेसला म३ दिला तर म४ पासून म१४ पर्यंतचे मेनचेच कमिट ब्रँचबरोबर उचलले जातात, कारण मर्जमुळे तेही आता या ब्रँचच्या इतिहासात आहेत. रिबेस पुन्हा मेनवरच असेल तर गिट आधीच आलेले असे कमिट बहुधा ओळखून वगळते. पण एखाद्या जुन्या आवृत्तीवर ब्रँच नेऊन बसवताना ही चूक झाली तर तिथे नको असलेले अकरा बदल गुपचूप शिरतात. म्हणून मेन मधूनमधून मर्ज केलेल्या ब्रँचच्या रिबेससाठी जन्मस्थान वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र काम सुरू झाले तेव्हा मेनची स्थिती काय होती हे हवे असेल तर म३ शिवाय चालत नाही. आम्हाला ते हवे होते, कारण पावतीतला एक फरक ब्रँचच्या आधीपासून होता की ब्रँचमुळे आला हे ठरवायचे होते. त्यासाठी पहिल्या पालकाची वाट धरावी लागते. मर्ज कमिटला दोन पालक असतात आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण असतो. मर्ज करताना आपण ज्या ब्रँचवर उभे असतो तो पहिला पालक आणि जे आत घेतले तो दुसरा. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, पण संगमाच्या पुढे नदीचे नाव तापीच राहते. पहिल्या पालकाची वाट म्हणजे नाव टिकवून ठेवणाऱ्या नदीच्या उगमाकडे चालत जाणे. २०२२ साली आलेल्या २.३६ आवृत्तीपासून गिटमध्ये त्यासाठी नेमका पर्याय आहे:

गिट रेव्ह-लिस्ट --फर्स्ट-पॅरेंट --एक्सक्लूड-फर्स्ट-पॅरेंट-ओन्ली मेन..मोबाइल-पावती

या यादीतला सर्वांत खालचा कमिट म्हणजे ब्रँचवरचा पहिला कमिट, आणि त्याचा पालक म्हणजे म३. पहिला पर्याय ब्रँचच्या बाजूने फक्त मूळ वाट धरतो आणि दुसरा मेनच्या बाजूने; त्यामुळे ब्रँच नंतर खऱ्या मर्ज कमिटने मेनमध्ये गेलेली असली तरी उत्तर बदलत नाही. साधा मर्ज-बेस तिथे निरुपयोगी ठरतो, कारण मेनमध्ये मर्ज झालेल्या ब्रँचचे टोक हाच सामाईक पूर्वज होऊन बसतो आणि ब्रँचवर काहीच नवीन नाही असे भासते.

हा मार्ग एका अटीवर उभा आहे. मेनची पहिल्या पालकाची वाट खरोखर मेनची असली पाहिजे. ब्रँच फास्ट-फॉरवर्डने, म्हणजे मेनचे नाव नुसते ब्रँचच्या टोकावर सरकवून, आत घेतली तर मर्ज कमिट होतच नाही, ब्रँचचे कमिट मेनच्याच वाटेवर येतात आणि यादी रिकामी निघते. त्याहून वाईट म्हणजे कोणी आपल्या मशिनवर थेट मेनवर कमिट करून मग ‘गिट पुल’ (सर्व्हरवरचे बदल आणून आपल्यात मिसळणे) करते आणि तयार झालेला मर्ज तसाच पुश करते. तिथे पहिला पालक त्या व्यक्तीचा कमिट आणि दुसरा पालक सर्वांचे मेन असा उलटा क्रम होतो आणि त्या जागेपासून मागे मूळ वाटच बदलते. आमच्या इतिहासात अशी दोन ठिकाणे सापडली. ती आता दुरुस्त करता येत नाहीत, पण तेव्हापासून मेनवर थेट पुश बंद आहे आणि मोठ्या ब्रँच फास्ट-फॉरवर्ड टाळणारा ‘--नो-एफएफ’ देऊनच मर्ज केल्या जातात.

आणखी काही ठिकाणी पाय घसरतो

मर्ज-बेसला ‘--फोर्क-पॉइंट’ असा एक पर्याय आहे आणि नावावरून हेच आपल्याला हवे होते असे वाटते. तो मेनच्या रिफ्लॉगमध्ये डोकावतो आणि मेनच मागे वळवून पुन्हा लिहिले गेले असेल तेव्हा उपयोगी पडतो. रिफ्लॉगमधली नोंद गळालेली असली की काहीही न छापता परत येतो. २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या २.४७ आवृत्तीत ब्रँच आणि टॅगच्या नावांची यादी देणाऱ्या ‘फॉर-ईच-रेफ’ या कमांडला ‘इज-बेस’ हा घटक मिळाला, तो दिलेली ब्रँच बहुधा कोणत्या ब्रँचवरून निघाली असावी हे पहिल्या पालकाच्या वाटेवरून सुचवतो. तो अंदाज आहे हे विसरू नये, आणि यादीतून ती ब्रँच स्वतः वगळावी, नाहीतर ती स्वतःलाच सर्वांत जवळची ठरवते.

सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये मर्ज-बेस रिकामा आला तर इतर काही शोधण्याआधी क्लोन उथळ आहे का ते पाहावे. ‘--डेप्थ १’ ने घेतलेल्या प्रतीत मागचा इतिहासच नसतो, मग पूर्वज कुठून सापडणार? ‘गिट फेच --अनशॅलो’ केले की काम होते.

पुन्हा शोधावे लागू नये म्हणून

आम्ही ब्रँचवरून ब्रँच काढणे बंद केलेले नाही. हंगामाच्या दिवसांत ते परवडत नाही. फक्त जन्माच्या वेळीच खूण रोवायची असे ठरवले आहे.

गिट टॅग मूळ/पिलबाग-पट्टी
गिट पुश ओरिजिन मूळ/पिलबाग-पट्टी

टॅग सर्व्हरवर जातो, सर्वांना दिसतो, ९० दिवसांनी गळत नाही आणि लॅपटॉप बदलला तरी राहतो. रिबेस करताना हॅशच्या जागी थेट टॅगचे नाव देता येते. ‘गिट ब्रँच --एडिट-डिस्क्रिप्शन’ने ब्रँचला वर्णन जोडता येते हे खरे, पण तेही आपल्याच मशिनवर राहते, म्हणून आम्ही ते सोडून दिले. पहिली ब्रँच स्क्वॉश होऊन मेनमध्ये गेली की त्याच दिवशी तिच्यावरून निघालेल्या ब्रँच मेनवर आणायच्या, हा दुसरा नियम. आणि दोन्ही ब्रँच अजून चालू असताना रिबेस करायचा असेल तर तो वरच्या, म्हणजे दुसरीवरून निघालेल्या, ब्रँचवरून ‘--अपडेट-रेफ्स’ देऊन करायचा. २०२२ च्या २.३८ आवृत्तीपासून हा पर्याय आहे आणि तो रिबेसच्या वाटेतली खालच्या ब्रँचची नावेही बरोबर पुढे सरकवतो. खालच्या ब्रँचचे टोक मात्र त्या वाटेवर हवे. ती दुसरीकडे पुढे गेली असेल, जशी आमची क७ ते क९ पर्यंत गेली होती, तर तिचे नाव जागचे हलत नाही.

टॅगच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते. ब्रँच मेनवर रिबेस झाली की तिचे नवे मूळ मेनचे ते टोक होते आणि जुना टॅग क६ वरच बसून राहतो. पुढच्या रिबेसला तोच दिला तर या वेळी मेनचे कमिट उचलले जातात. म्हणून रिबेस यशस्वी झाल्याबरोबर टॅग ‘-एफ’ देऊन नव्या जागी हलवावा, सर्व्हरवरही तो सक्तीने पुश करावा, आणि सहकाऱ्यांना तसे कळवावे, कारण साध्या फेचने त्यांच्याकडचा जुना टॅग आपोआप बदलत नाही. त्यांना ‘गिट फेच --टॅग्ज --फोर्स’ करावे लागते. ब्रँच मेनमध्ये गेल्यावर तिच्याबरोबर तिचा ‘मूळ’ टॅगही दोन्हीकडून पुसावा.